रिकाम्या मशीनवरचा लोड

जनरेटरचं व्होल्टेज कमी येतंय असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट विचारते : इंजिनाचा आवाज नेहमीसारखा आहे का? बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. इंजिनच हळू फिरत असेल तर त्याला जोडलेला, वीज तयार करणारा अल्टरनेटर तरी काय करणार? कधी फिल्टरमध्ये कचरा असतो, कधी वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग सैल पडलेली असते, कधी कुणीतरी डिझेल वाचवायला म्हणून स्क्रू उलटा फिरवून ठेवलेला असतो. आवाज ठीक असेल तर मग मी हत्यारांची पेटी उचलते.

बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ आमचं मोटार वाइंडिंगचं आणि जनरेटर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी नोकरी शोधायला गेलेच नाही, तिथेच बसले. सुरुवातीला गिऱ्हाइकं मला बघून ‘मिस्त्री कुठे गेले?’ असं विचारायची. आता विचारत नाहीत. ‘भूमिकाताई आहेत का’ म्हणून फोन येतात.

दिवाळी नुकतीच उरकली होती. दापोऱ्याहून ललित नावाच्या माणसाचा फोन आला. त्यांचं सात केव्हीएचं डिझेल मशीन दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातून गेलं होतं.

“ताई, आवाज एकदम बरोबर आहे. पण काटा दोनशेच्या वर चढूच नाही राह्यला. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन कमी व्होल्टेजमध्ये शिट्टी मारते अन् बंद होऊन जाते. आज येता येईल का?”

“लाइट नाही का तिकडे?”

“शेतातली डीपी जळेल आहे. नवी कधी येते काही भरोसा नाही. सगळं जनरेटरवरच चालू आहे.”

ट्रान्सफॉर्मर जळालाय म्हटल्यावर मी हातातलं काम तसंच ठेवून निघाले.

दापोऱ्याच्या आसपास तापीच्या दोन्ही अंगांना केळीच केळी आहे. रस्त्याच्या कडेला ट्रक भरणं चालू होतं, घड पानांत गुंडाळून आत थापले जात होते. ललितचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. सिमेंटचं, बैठं, तीन खोल्यांचं. पूर्वेच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर काढलं होतं आणि त्याखाली जनरेटर. धूर घरात जाऊ नये म्हणून सायलेन्सरला लांब पाइप जोडून तो घरापासून दूर सोडला होता. भिंतीच्या पलीकडे ललितच्या वडिलांची खाट होती. वर एक लहानशी खिडकी.

ललित तिशीचा असेल. शेती तोच बघायचा. बोलताना सारखा बोटांची कांडकी मोडायचा. त्याची आई, वैजयंतीकाकू, दारातच उभी होती. तिने पदराने हात पुसत विचारलं, “चहा आधी घेता का मंग?”

“मंग,” मी म्हटलं.

पहिली गोष्ट, इंजिनाचा वेग. टॅकोमीटर लावला. बरोबर पंधराशे. फ्रीक्वेन्सी पन्नास. म्हणजे इंजिन निर्दोष होतं. व्होल्टेज मात्र एकशे अठ्ठ्याहत्तर, असायला हवं दोनशे तीस. ललितने वडिलांना तेवढ्यापुरतं सिलिंडरवर घेतलं आणि मी घराकडे जाणारी वायर जनरेटरच्या टर्मिनलवरून सोडवली. मशीनवर आता कसलंच ओझं नव्हतं. अशा वेळी काटा उसळी मारून वर जातो.

तो हलला नाही.

कार्बन ब्रश काढून बघितले, अजून अर्धे शिल्लक होते. ज्या कड्यांवर ते घासतात त्या चकचकीत. व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, ज्याला आम्ही एव्हीआर म्हणतो, ते बदलून नवं लावलं. फरक नाही. बॅटरी लावून फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, झटका दिला. क्षणभर काटा वर गेला आणि पुन्हा खाली येऊन बसला. वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला. जसा नव्या मशीनचा असतो तसा.

मग माझं लक्ष गव्हर्नरच्या दांड्याकडे गेलं. इंजिनावर जितका भार, तितका तो दांडा डिझेल जास्त सोडतो. मशीन रिकामं होतं, तर तो जवळजवळ मिटलेला असायला हवा होता. तो अर्ध्याहून जास्त उघडा होता. सायलेन्सरमधून काळपट धूर येत होता. एखादा मोठा पंप ओढत असावं तसं ते इंजिन ओढत होतं. पण टर्मिनलवर वायरच नव्हती.

असं होऊ शकतं. वाइंडिंग आतल्या आत शॉर्ट झालं तर सगळी ताकद तिथेच जळते. मात्र जळते म्हणजे तापते. मी अल्टरनेटरच्या अंगावर हात ठेवला. तास दोन तास चाललेल्या मशीनवर हात टिकत नाही. हे गार होतं. नुसतं गार नाही. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखं गार. हात काढला तेव्हा तळव्याला ओल लागली होती.

जे कळलेलं नाही ते गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, हे मी वडिलांकडून शिकले.

पॅनेलवरचा काटाही स्थिर नव्हता. एकशे अठ्ठ्याहत्तरवरून हळूहळू एकशे सत्तरपर्यंत उतरायचा, पुन्हा चढायचा. इंजिन कधी कधी असं वरखाली होतं, म्हणून मी गव्हर्नरचा दांडा तारेने बांधून टाकला. इंजिनाचा आवाज एका सुरात आला. फ्रीक्वेन्सी पन्नासवर घट्ट राहिली. काटा मात्र आपला उतरत होता, चढत होता.

मी ठोकळ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. उतरायला वेळ लागायचा, चढायला कमी. मध्ये एक छोटा थांबा. तेवढ्यात काटा एकाएकी एकशे पन्नासच्या खाली पडला, थरथरला. आणि मग खिडकीतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

उबळ थांबली. काटा परत आपल्या जागी आला.

योगायोग, असं मी मनात म्हटलं आणि बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. नंतर आणखी एकदा. दर वेळी आधी काटा पडायचा. खोकला नंतर यायचा.

चहाला मी आत गेले. चुडामणकाका खाटेवर उशांना टेकून बसले होते. रुंद हाडाचा माणूस, अंगावरचं मांस मात्र उतरून गेलेलं. नाकात नळी. जवानीत ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, मग शेती धरली. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि घरी न्या म्हणाले होते. बोटाला ऑक्सिमीटर अडकवलेलं होतं. मला बघून त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला.

“तुमीच दिलं होतं ना मशीन?” एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

“हो काका. दुरुस्त करून देते.”

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही. मी बशीतला चहा संपवताना त्यांच्या छातीकडे बघत होते. ती उतरत होती हळू, चढत होती लवकर. मध्ये छोटा थांबा.

अशा वेळी आमच्या धंद्यात एकच सरळ उपाय असतो, मशीन बदलून बघायचं. मी दुकानातून माझं चालू मशीन पिकअपमध्ये घालून आणलं, त्यांच्या जागी बसवलं आणि त्यांचं उचलून नेलं. दुकानात त्याच रात्री त्याच्यावर हीटर लावून बघितले. दोनशे तीस. काटा खिळ्याने ठोकल्यासारखा. अल्टरनेटर हळूहळू तापला, जसा तापायला हवा. त्यात काहीही बिघाड नव्हता.

सकाळी शटर उघडतच होते तर ललितचा फोन. “ताई, तुमचं मशीन पण तेच करू राह्यलं. कल तो ठीक था, बसवलं तेव्हा पुरे दोनशे तीस होते. आता एकशे ऐंशी.”

“बाबा कसे आहेत?”

“अभी ठीक आहेत.” तो म्हणाला. “काल तुम्ही मशीन बदलत होत्या ना, दोन्ही बंद होते, तेव्हा एकदम डाउन झाले होते. सिलिंडर फुल चालू होता. तरी पण.”

“रेग्युलेटर लीक असेल.”

“मी पण तेच म्हटलं,” ललित म्हणाला. “पण आई काही दुसरंच बोलते.”

दोन वेगळी मशीन, एकच जागा, एकच दोष. म्हणजे दोष जागेचा. हे मला पटण्यासारखं होतं. भिंतीत कुठे तरी वायर गाडलेली असेल, अर्थिंगमध्ये काही गोंधळ असेल, जमिनीखाली जुनं लोखंड असेल. यातलं एकही कारण पूर्ण बसत नव्हतं हे मला माहीत होतं. पण तपासायची रीत तीच. जागा बदलायची.

मी लांब केबलचं बंडल घेऊन गेले. बेत साधा होता. जनरेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायचा, चालूच ठेवायचा आणि घरापासून हळूहळू दूर न्यायचा. केबल सोडत जायची, म्हणजे घरातलं ऑक्सिजनचं मशीन बंद पडणार नाही. कुठल्या ठिकाणी व्होल्टेज सुधारतं ते मला दिसेल.

वैजयंतीकाकू आडवी आली.

“राहू द्या ना बाई. चालू तर आहे.”

“काकू, एवढ्या कमी व्होल्टेजवर ते मशीन कधीही जळेल. मग काय कराल?”

तिने मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमचा काटा खाली जाते ना, तेव्हा यांले बरं वाटते. मी पाह्यलं आहे. परवा खूप खाली गेला होता. त्या दिवशी हे भाकर मागून जेवले.”

“आई, कुछ भी काय बोलते!” ललित म्हणाला.

मी तिला समजावलं. काटा खाली गेल्यावर ऑक्सिजनचं मशीन नीट चालत नाही, तेव्हा तर काकांना जास्त त्रास व्हायला हवा. तिने ऐकून घेतलं. “तेच तर म्हनू राह्यली मी,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

जनरेटर आम्ही चालू ठेवूनच लोखंडी फळीवरून ट्रॉलीत सरकवला, बांधला आणि लांब केबल जोडली. मी ट्रॉलीत मशीनशेजारी उभी राहिले, एक हात कठड्याला. ललित ट्रॅक्टरवर. ऊन चांगलं वर आलं होतं. मी हात केला आणि ट्रॅक्टर हलला.

छपराखाली एकशे ऐंशी होतं. गोठ्यापाशी आलो, एकशे नव्वद. विहिरीला वळसा घातला तेव्हा दोनशेच्या वर. मी अल्टरनेटरला हात लावला, तो कोमट झाला होता. सायलेन्सरचा धूर पांढरट झाला. गव्हर्नरचा दांडा मिटत चालला होता.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. दोन दिवस जे मला चकवत होतं ते माझ्या डोळ्यांसमोर ओळीने बरोबर होत होतं. दोनशे दहा. दोनशे अठरा. केबल मागे लांब पसरली होती, काळ्या मातीवर. केळीच्या पहिल्या ओळीशी पोचलो तेव्हा काटा दोनशे तीसवर जाऊन थांबला.

नुसता थांबला नाही. तो हलायचाही थांबला.

मी ललितला थांब म्हणून ओरडले आणि मीटर लावून खात्री केली. दोनशे तीस. एकाचाही फरक नाही. एवढं स्वच्छ व्होल्टेज सरकारी लाइनचंही नसतं.

मी मान वर केली तेव्हा वैजयंतीकाकू दारातून धावत येत होती. पदर खांद्यावरून पडलेला. ती ओरडत असावी, तोंड उघडं दिसत होतं. इंजिनाच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी खूण केली. मागे. मागे आणा.

मी केबलकडे बघितलं. जोड पक्का होता. करंट जात होता, घरातलं मशीन पूर्ण ताकदीने चाललं होतं.

ललितने उडी मारली आणि तो घराकडे पळत सुटला. पुन्हा थबकला, उलटा वळला, परत ट्रॅक्टरवर चढला. त्याला रिव्हर्स सापडेना. गिअर करकरत होते.

“ताई, काय करू?”

“मागे घे,” मी म्हटलं.

ट्रॉली वाकडी जात होती. त्याने वळवून सरळ घराकडे तोंड केलं आणि पीक तुडवत निघाला. मी काट्याकडे बघत होते. दुसरीकडे बघायची मला हिंमत नव्हती. दोनशे वीस. दोनशे पाच. विहीर मागे पडली. एकशे नव्वद.

काटा हलू लागला. आधी नुसता थरथरला. मग उतरला, चढला. थांबला. बराच वेळ थांबला.

मग पुन्हा उतरला.

छपरापाशी आलो तेव्हा तो एकशे चाळीसवर होता आणि इंजिन काळा धूर ओकत होतं. बंद पडतंय की काय असं वाटलं. मी दांडा हाताने पूर्ण उघडून धरला. का धरला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हाताखालचं लोखंड इतकं गार होत गेलं की बोटं दुखायला लागली.

ललित ट्रॅक्टर सोडून आत धावला होता, रडत होता. नंतर त्याचं रडणं थांबलं.

मी दारात गेले. चुडामणकाकांचे ओठ अजून निळे होते, पण डोळे उघडे होते. ऑक्सिमीटरवरचा आकडा चढत होता. ऑक्सिजनचं मशीन शिट्टी मारून कधीच बंद पडलं होतं, इतक्या कमी व्होल्टेजवर ते चालणारच नव्हतं. नाकातल्या नळीतून काहीही येत नव्हतं.

त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं.

“मले कोन ओढू राह्यलं होतं?” ते म्हणाले. “तिकडे. केळीकडे.”

त्या खोलीला केळीच्या बाजूने खिडकी नाही.

त्या दिवशी मी जनरेटर दुरुस्त केला नाही. वैजयंतीकाकूने मला अंगणात गाठलं आणि एकच विचारलं, “हे मशीन किती वर्षं चालते, बाई?”

“ऑइल वेळेवर बदललं तर बरीच.”

“मंग ऑइल बदलतांना कसं करायचं?”

मी छपराखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हटलं, “दुसरं मशीन शेजारी ठेवू. एक सुरू झालं की मगच दुसरं बंद करायचं.”

आणि तसं केलं. त्यांचं मशीन परत आणून माझ्याच्या शेजारी बसवलं. घराला जाणारी वायर नव्या डीपीची वाट बघत तशीच लोंबकळत ठेवली, कारण या व्होल्टेजवर एक दिवाही धड लागत नव्हता. ऑइल-फिल्टरला मी स्वतः जायचे. जाताना दर वेळी मनाशी कारणं जुळवायचे. चुंबकत्व, जमिनीतलं पाणी, भिंतीतलं लोखंड. तापीचा पूल ओलांडला की एकेक कारण गळून पडायचं.

काटा दर फेरीला आणखी खाली असायचा. आधी एकशे चाळीस, मग शंभरच्या घरात, मग त्याही खाली. इंजिन पूर्ण भाराने ओढायचं आणि टर्मिनलवर काहीच यायचं नाही. तिकडे चुडामणकाका उठून बसायला लागले. मग भिंत धरून चालायला लागले. नाकातली नळी निघाली. ऑक्सिजनचं मशीन परत केलं. ललितने त्यांना गाडीत घालून तपासायला नेलं होतं, तेव्हा गेटच्या बाहेर निघाल्यावर त्यांचा दम लागायला लागला आणि त्याला परतावं लागलं. पुढच्या खेपेला मात्र ते शहरापर्यंत जाऊन आले. छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, हा दुसऱ्या कुणाचा फोटो आणलात का?

हे सांगताना ललित हसला नाही. तो आताशा छपराकडे फिरकत नव्हता. डिझेल भरायचं काम काकूच करायची. मी एकदा त्याला विचारलं, बाबा बरे होतायत, तुला बरं वाटत नाही का? तो कांडकी मोडायला लागला.

“रात को जेवताना बोलतात माझ्याशी,” तो म्हणाला. “सगळं आठवते त्यांना. बस, आवाज...” त्याने इंजिनाकडे बोट केलं. “तो बंद पडला तर मले त्यांचं बोलणं ऐकूच येणार नाही असं वाटते.”

त्यानंतर लग्नसराईची कामं आली. मंडपवाल्यांचे जनरेटर एकामागून एक दुकानात यायला लागले आणि दापोऱ्याला जायला मला जमलं नाही. फोनही आला नाही. मी केला नाही.

जानेवारीत थंडीची लाट आली. केळीला थंडी सोसत नाही. पानं करपू नयेत म्हणून पहाटे बांधाबांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. त्या सुमारास ललितचा फोन आला. “ताई, तुमचं मशीन घेऊन जा. आता गरज नाही.” मी काही विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

गरज नाही याचा एकच अर्थ मला लागला. मी पांढरी साडी नेसून, सकाळी लवकर निघाले.

रस्ता धुक्यात होता, धुक्यात धूर मिसळलेला. शेताच्या वाटेला लागले आणि सवयीने आवाजाची वाट बघितली. आवाज नव्हता. छपराखाली दोन्ही मशीन बंद होती. डिझेलची चावी फिरवून ठेवलेली. टाकीवर धुळीचा थर होता, आज-कालचा नव्हे. मी माझं मशीन सुरू करून बघितलं. बंद मशीन नेताना मी बघतेच. दोनशे तीस. काटा स्थिर. थोड्या वेळाने अल्टरनेटर हाताला चटका देण्याइतका तापला.

वैजयंतीकाकू चुलीपाशी बसली होती. तिच्या कपाळाला कुंकू होतं. मी माझ्या साडीकडे बघितलं आणि मला लाज वाटली.

“कधीपासून बंद आहे?” मी विचारलं.

“झाले बरेच दिवस.” ती लाकूड आत सरकवत राहिली. “त्यांनीच बंद केलं. मी नको म्हनत होती. म्हने, बस आता. भरलं.”

“आहेत कुठे?”

तिने मान वर न करता हात केळीकडे केला.

ते ओळींमधून येत होते. हातात विळा, खांद्यावर वाळक्या पानांचा भारा. अंगात फक्त बनियन. चेहरा भरला होता, पावलं जड आणि पक्की पडत होती. मागे थोडं अंतर ठेवून ललित चालत होता, कानटोपी आणि शाल घेऊन. काकांनी भारा खाली टाकला आणि मला बघून मोठ्याने हाक मारली.

माझं मशीन त्यांनी एका बाजूने एकट्याने उचललं. दुसऱ्या बाजूने ललित आणि मी. पिकअपमध्ये ठेवून झालं तेव्हा ललितला धाप लागली होती आणि मलाही. आम्ही दोघं वाकून उभे होतो. प्रत्येक श्वासाला आमच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती आणि धुक्यात विरत होती.

चुडामणकाका गाडीच्या फाळक्याला टेकून बोलत होते. यंदा थंडीने घडांचं किती नुकसान केलं, नवी डीपी अखेर कशी आली, कोणत्या ओळीतली केळी काढायला आली आहे, खूप काही. न थांबता बोलत होते. मी ऐकत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.